माझ्या नावावरच्या आईच्या गोळ्या

माझ्या आईचं बीपी कंपनीचे डॉक्टर दर महिन्याला माझ्या हातावर मोजायचे.

हसू नका. तीन वर्षं हे चाललं.

आज आईला जाऊन बावीस वर्षं झाली. ही गोळ्यांची गोष्ट फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होती. म्हटलं, आता सांगून टाकू. मेमो द्यायला ती कंपनीही राहिलेली नाही.

आई विरारजवळच्या भातशेतीच्या गावातली. पावसाळ्यात भाताची आवणी, एरवी वसईच्या माणिकपूरला भाजीची पाटी घेऊन बसायची. बाबा लवकर गेले. मी एकुलती एक, लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये.

मी गोरेगावला एका कंपनीत पॅकिंगला होते. कंपनीचा स्वतःचा दवाखाना, औषधं फुकट. कामगाराला, नवऱ्याला, मुलांना. बाई कामगार असेल तर सासू-सासऱ्यांनाही.

आईला नाही. लग्न झालेल्या मुलीची आई त्यांच्या यादीत बसत नव्हती.

माझ्या सासूबाई तर मी घरात यायच्या आधीच वारल्या होत्या. जागा रिकामी होती, पण आईची नव्हती.

मुलीच्या वेळी माझं बीपी वाढलं. कंपनीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. बाळंतपणानंतर बीपी आपोआप उतरलं, आणि त्याच सुमाराला आईचं वाढलेलं निघालं. विरारच्या डॉक्टरांनी माझी स्ट्रिप बघितली आणि म्हणाले, "हीच चालेल. रोज एक. आयुष्यभर."

आयुष्यभर म्हटल्यावर आई माझ्याकडे बघायला लागली.

मग काय, मी गोळ्या बंद केल्याच नाहीत. म्हणजे घ्यायच्या बंद केल्या, आणायच्या नाही.

दर महिन्याला वसईला उतरायचं, माणिकपूरला जाऊन आईच्या हातात पुडी द्यायची. ती वर चवळीची जुडी द्यायची. "फुकट नाय घेत मी कोनाचा."

डॉक्टर देवमाणूस होते. तेच तर वाईट झालं. नुसती चिठ्ठी लिहून देणारे असते तर बरं. हे दर वेळी पट्टा बांधून तपासायचे.

एकशेवीस-ऐंशी.

"वा, बाई! गोळी काय मस्त लागू पडलीय तुम्हाला!"

न घेतलेली गोळी मला लागू पडत होती.

तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "इतकं छान आहे, तर उगाच कशाला? अर्धी करू." महिन्याच्या तीसच्या पंधरा झाल्या.

खरं सांगायची हिंमत नव्हती. आमच्यातल्या एकाने भावासाठी खोकल्याचं औषध नेलं होतं, त्याला मेमो मिळाला होता. घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता.

मग मी बीपी वाढवायच्या मागे लागले.

तपासणीच्या आदल्या दिवशी सुके बोंबील, पापड, लोणचं, वर मीठ. दवाखान्याचे दोन जिने पळत चढले. डॉक्टर म्हणाले, "अहो, धापा टाकताय. दहा मिनिटं बसा, पाणी प्या."

दहा मिनिटांनी एकशेबावीस-ऐंशी.

इतका राग मला माझ्या तब्येतीचा कधी आला नव्हता.

उरलेल्या पंधरा मी दुकानातून विकत घेऊन आईला दिल्या, डॉक्टरांनी अर्धी केली तरी तू पूर्णच घे, म्हणून बजावलं. पुढच्या रविवारी माझ्या मुलीच्या अंगात नवा फ्रॉक.

"आई, हा कुठून आला?"

"गोळ्या परत दिल्या. दुकानवाला भला मानूस हाय."

मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "डाक्टर अर्धी सांगतो, तू पूर्न सांगतेस. शिकलेला कोन, तू का तो?"

तिला वाटायचं, ते तिचेच डॉक्टर आहेत. कंपनीतले. मोठे.

मी म्हटलं, "अगं, ते माझं बीपी बघतात! तुला त्यांनी बघितलंय तरी का कधी?"

आई हसली. "तुजा काय नि माजा काय? रगत एकच ना, बाय?"

मलाही हसू आलं. आजही त्या हसण्याची लाज वाटते.

विरारच्या डॉक्टरांकडे नेऊन तिला एकदा तपासून आणायला हवं होतं. पण सहा दिवस मी गोरेगावला आणि रविवारी त्यांचा दवाखाना बंद. एक दिवस रजा काढायची होती. एकच. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत राहिले.

एका सकाळी पाटीवर माठाची जुडी बांधताना आईची बोटं मिटेनात. शेजारच्या बाईने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तोंड वाकडं झालेलं. बोलायची खूप धडपड करत होती. मला एक अक्षर कळलं नाही.

आठव्या दिवशी गेली.

दिवसकार्य उरकून कामावर गेले. दवाखान्यात नंबर लागला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरेच्चा! खूप वाढलंय, बाई. चुकलं माझं, अर्धी करायला नको होती. आजपासून पूर्ण गोळी."

आणि तीस गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

मी रडायला लागले. ते म्हणाले, "घाबरू नका, औषध आहे यावर."

संध्याकाळी सवयीने वसईला उतरले. माणिकपूरला आईच्या जागेवर शेजारची बाई थोडी सरकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आज कशाला आलीस गो, बाय?"

पुडी पर्समध्येच होती.

त्या दिवसापासून गोळी मीच घेते. बावीस वर्षं. रोज एक.

आई, पूर्ण गोळी मिळाली होती गं. फक्त तू गेल्यावर मिळाली.

माफ कर मला. आज तुझ्या फोटोपुढे चवळीची एक जुडी ठेवलीय. माझी श्रद्धांजली एवढीच.