फरशीवर ठेवलेला कप

हसनच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देरातल्या माझ्या खोलीत दाढी करत होतो. "चाचा, बाबा चले गए." अर्धी दाढी तशीच ठेवून टॅक्सी पकडली. उम्म अल कुवैनला त्याच्या घरी पोचेपर्यंत मला त्याचा चेहरा आठवेना. आठवत होता तो त्याने माझ्या फरशीवर ठेवलेला चहाचा कप... भरलेला.

मी चौथी नापास माणूस. पण हसनबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच बसलोय.

आम्ही दोघं दाभोळच्या खाडीकाठचे. तरुणपणी दुबईत बार्जवरून माल उतरवायचो. तेव्हा इथे इंग्रजांचं चालायचं. हिंदुस्थानी माणसाने गुन्हा केला तर खटला शेखापुढे नाही, इंग्रज साहेबापुढे. हसनने इथली बायको केली, शेखाचा पासपोर्ट घेतला, म्हणून त्याचा न्याय शेखाच्या मजलिशीत, म्हणजे जमिनीवर बसून कहवा, इथली कडू कॉफी, पीत चालणाऱ्या बैठकीत. मला माझ्या कोर्टाचा केवढा ताठा! टेबल, खुर्ची, दुभाषा, भिंतीवर राणी. "आमचं सगळं कायद्यानं चालतं," मी ऐकवायचो. तो म्हणायचा, "होय रे लाटसाहेब."

एकदा मुकादमाने एका म्हाताऱ्या हमालाला लाथ घातली. त्याला पहिला ठोसा माझा, दुसरा हसनचा. मुकादमाने दोघांवर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी हसन मला बोलवायला आला.

"मजलिशीत मुकादम येतोय. तूपण चल. माफी मागू, कहवा पिऊ, खलास. तुझ्यावरची तक्रारपण तो मागे घेईल."

"मी माफी मागू? तीपण जमिनीवर बसून? माझं कोर्ट वेगळं आहे."

"गाढवा, कोर्ट वेगळं असेल, ठोसे एकाच थोबाडावर पडलेत ना?"

मी गेलो नाही. हसन दुपारपर्यंत मोकळा झाला. माझं म्हणणं साहेबाने नीट ऐकून घेतलं, दुभाष्याने नीट सांगितलं, आणि कायद्याप्रमाणे मला नीट आत टाकलं. सुटेपर्यंत हसन माझ्यासाठी सुरमईचं कालवण आणि भात घेऊन यायचा.

पुढे इंग्रज गेले, त्यांचं कोर्ट गेलं. मी मात्र माझं बंद केलं नाही. हसनशी काही वाजलं की माझं ठरलेलं, "तू कहवा पीत होतास, मी आत होतो." नव्वद साल उलटलं, दोघांचे केस पिकले, तरी तेच. तो गप्प व्हायचा. तो गप्प झाला की मला बरं वाटायचं. त्याच्या घरी मी कहवा कधी घेतला नाही. त्याची बायको माझ्यासाठी वेगळा चहा टाकायची.

गेल्या हिवाळ्यात तो माझ्या खोलीवर आला. जिना चढून धाप लागली होती. मी चहा दिला. त्याने तो न पिता फरशीवर ठेवला. इथल्या लोकांत पाहुण्याला काही मागायचं असलं की तो कप खाली ठेवतो, आणि यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत पीत नाही. माझा जन्म इथे गेलाय, मला कळलं. काय मागतोय तेही कळलं. त्याची चूक नव्हती, एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं. नव्हतीच त्याची चूक.

"गार होतोय, पी," मी म्हणालो.

त्याने कप उचलला नाही. मग हसला. "लाटसाहेब, तुझं कोर्ट अजून चालू आहे काय रे..." आणि भिंतीला धरून जिना उतरला.

हसनचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी परत त्याच्या घरी गेलो. मुलाने विचारलं, "चाचा, चाय?"

"नको. कहवा दे."

त्याने इवल्याशा कपात ओतला. मी तो गालिच्यावर ठेवला. पोरगा इथेच जन्मलेला, त्याला सांगावं लागलं नाही. माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबाने बोला था, चाचा कभी कप नीचे रखे तो पूछना मत. सिर्फ हाँ बोलना."

मला वर बघवेना. तो म्हणाला, "हाँ, चाचा. पियो."

प्यायलो.

माझ्या खोलीतला तो कप धुऊन मी पुन्हा तिथेच फरशीवर ठेवलाय. केर काढताना त्याच्या भोवतीने काढतो. सकाळचा चहा आता खुर्चीत बसून घेत नाही, त्याच्याशेजारी खाली बसतो. गुडघे दुखतात... तरी बसतो.