अनंतकाकांची चुकलेली रेघ

अनंतकाका बिडकर चालताना कुणाशी बोलत नसत. मागून हाक मारली तर डावा हात वर करून थांबवायचे, आणखी काही पावलं टाकायचे, ओठांतल्या ओठांत पावलांचा आकडा पक्का करायचे आणि मगच वळून म्हणायचे, "हं, बोल आता." जमीन मोजणी खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पायांनी नोकरी सोडली नव्हती.

भर शहरातल्या गौलीगुड्यातलं जुनं घर सोडून ते मुलाबरोबर शहराच्या कडेच्या नव्या कॉलनीत राहायला आले. कॉलनीच्या मागे आमचा डोंगर. कुणीतरी हाताने रचून ठेवल्यासारखे एकावर एक प्रचंड धोंडे, मधे सीताफळाची झुडपं आणि पलीकडच्या अंगाला एक कुंटा, म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहानसं तळं. उदारीकरणाची हवा सुटली तशी शहराला इमारतींची घाई झाली. इमारतींना खडी लागत होती. रोज दुपारी सुरुंग उडायचे आणि एकेक धोंडा क्रशरमध्ये जायचा. मी त्याच कॉलनीत राहायचे, तेव्हा विशीत होते. सुलतान बाजारातल्या वडिलांच्या छापखान्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले होते. डोंगर फोडण्याचा तो सगळा प्रकार मला सरळ सरळ दरोडा वाटला आणि अजूनही वाटतो.

आम्ही खूप धावपळ केली. शेवटी अधिकारी म्हणाले, "लोक सांभाळणार असतील तर डोंगर उद्यान म्हणून राखू. हद्दीचा नकाशा मात्र तुम्ही करून द्या." काकांनी महिनाभर उन्हात मोजणीची साखळी ओढून नकाशा केला. आतल्या फेरीची वाट त्यांनी घरागणिक वाटून दिली. रविवारी सकाळी ज्याने त्याने आपापला तुकडा झाडायचा, घसरलेले दगड बसवायचे. समोरच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा कुरकुरल्या, "काका, आमच्याच वाट्याला चढ का?"

"तुमचे गुडघे दुखतात ना?" काका म्हणाले. "चढाला दम लागतो. गुडघे उतारावर बोलतात. उतार रेड्डीसाहेबांना दिलाय. त्यांचे गुडघे चांगले आहेत, बसून बसून."

डोंगर सांभाळायला कॉलनीने केलेल्या समितीचे अध्यक्ष रेड्डीसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

क्रशर बंद झाले, कुंपण उभं राहिलं, आम्ही पेढे वाटले. चौथ्या दिवशी लक्ष्मम्मा काकांच्या दारात येऊन उभी राहिली. डोंगरापलीकडच्या दगडफोड्यांच्या वस्तीत ती राहायची आणि कॉलनीतल्या तीन घरी धुणीभांडी करायची. क्रशर बंद होऊन वस्तीतल्या पुरुषांची मजुरी गेली होतीच. आता कुंपणाने डोंगरातली पायवाट अडल्यामुळे बायकांना कामावर यायला हमरस्त्याने, लॉऱ्यांच्या कडेकडेने वळसा पडत होता. आदल्या दिवशी एका लॉरीचा धक्का लागून तिच्या जावेचा पाय मोडला होता.

"साब, पहाड़ तो बचा लिए," ती म्हणाली. "हमारा रस्ता किदर रखे?"

काकांनी नकाशा पलंगावर पसरला. कुंटा होता, धोंडे होते, सीताफळाची झुडपंसुद्धा होती. वस्तीची वाट नव्हती.

"गाडी जाते ती वाट दाखवायची," ते मला म्हणाले. "डोक्यावर ओझं घेऊन माणूस जातो ती नाही. आमच्या खात्याची रीतच ती. सगळी नोकरी अशीच केली. कुणी विचारलं नाही." मग चष्मा काढून त्यांनी नकाशावर ठेवला. "मी तरी कुठे कुणाला विचारलं?"

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. काका उभे राहिले आणि म्हणाले, "कुंपण दोन जागी उघडावं लागेल. नकाशा चुकलाय."

"साहेब, कुंपण उघडलं तर शेळ्या येतील, उद्या चोर येतील," रेड्डीसाहेब म्हणाले. "आणि ही रेघ तुम्हीच काढलीत की!"

"हौ. म्हणूनच उभा आहे. दुसऱ्याची असती तर दरख्वास्त देऊन घरी बसलो असतो."

या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी फेरीच्या वाटेवर काका एकटेच फावडं घेऊन आले होते.

मग काका कचेरीत गेले. अधिकाऱ्यांनी पायवाटेचा पुरावा मागितला. माझं पत्रक एका दमात लिहून तयार झालं. त्यात कुंपण जुलमी होतं, समिती गद्दार होती, व्यवस्था रक्तपिपासू होती. काकांनी ते लाल पेन्सिल घेऊन वाचलं. परत दिलं तेव्हा त्यात तीन ओळी उरल्या होत्या.

"विशेषणांवर अधिकारी सही करत नाही, पोरी. कोण जातं, कुठून कुठे जातं, डोक्यावर काय असतं, ते लिही."

मी चिडून म्हणाले, "म्हणजे त्यांच्या कागदाला शरण जायचं?"

"त्यांच्या कागदात राहायचंय त्या बायकांना. तुझ्या कागदात त्या आहेतच."

मी काकांबरोबर वस्तीत जाऊ लागले. डॉक्टरांनी त्यांना चढ चढायला मनाई केली होती. तरी लक्ष्मम्माच्या मागे ते ती वाट तीनदा चालले, दर वळणाला बसत, ओठांवर आकडा धरून. पावलांनी घासून खडक जिथे तुकतुकीत झाला होता तिथे ते वाकून हात फिरवत. "हा बघ पुरावा," म्हणत. "सरकार नव्हतं तेव्हापासूनचा." दुरुस्त नकाशा आणि आपली लेखी जबानी त्यांनी स्वतः कचेरीत नेऊन दिली. त्यानंतर दहा दिवसांनी, सकाळी अंघोळीला जाताना, ते गेले.

पाहणीला अधिकारी आले तेव्हा मोजणी करणाराच उरला नव्हता. लक्ष्मम्मा पुढे झाली. इथे ओझं टेकवतो, इथे पोरांना पाणी पाजतो, असं सांगत ती चालत राहिली. बूट घातलेले अधिकारी घसरत घसरत तिच्या मागे गेले. समितीतल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या आल्या. बाकी कुणी आलं नाही.

दोन महिन्यांनी हुकूम निघाला. दोन जागी कुंपण उघडायचं, फाटक नाही, कुलूप नाही. कारण एकाच वाक्यात होतं: ज्याने नकाशा केला त्यानेच वाट वगळल्याची चूक लेखी कबूल केली असल्याने अन्य पुराव्याची गरज राहत नाही. ते वाक्य मी कचेरीच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या छापखान्यातून इतकी पत्रकं निघाली, पण लिहिणाऱ्याने स्वतःची चूक कबूल केलेलं एकही नव्हतं.

नवा नकाशा मी लक्ष्मम्माला दाखवायला नेला. तिला वाचता येत नव्हतं. तिचं बोट धरून मी तुटक रेघेवर ठेवलं. हा कुंटा, हा मोठा धोंडा, हा तुमचा रस्ता. ती रेघेवरून बोट सावकाश पुढे नेत राहिली आणि एका जागी थांबली.

"ये गलत है," ती म्हणाली. "मोड़ इदर नै. बड़े पत्थर के पीछे से है. साब उस दिन थक को नीचेच बैठ गए थे."

मी पेन्सिल काढली, क्षणभर थांबले आणि तिच्या हातात दिली.