तिसरा हात

माझ्यासारख्या बाईला बाळ पाजायला तीन हात लागतात. एक बाळाच्या मानेखाली, एक छाती उचलून धरायला, नाहीतर बाळाचं नाक दबतं, आणि तिसरा वरची ओढणी सावरायला. देवाने दोनच दिलेत. उरलेल्या तिसऱ्याची कमतरता भरून काढण्यात माझे लेकीच्या जन्मानंतरचे पहिले महिने गेले.

छातीने मला आठवीपासून छळलंय. शाळेत दप्तर पोटाशी धरून चालायची, कॉलेजात ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. लग्नात ब्लाउज शिवणारी बाई टेप फिरवून म्हणाली, "ताई, कापड वाढीव लागेल हां," ते सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. दिवस राहिले तेव्हा मात्र हीच गोष्ट एकदम कौतुकाची झाली. जी भेटेल ती मावशी माझ्याकडे एक नजर टाकून म्हणे, "तुला काय गं दुधाची चिंता!" मलाही ते खरं वाटलं. इतकी वर्षं ओझं वाहिलंय तर निदान लेकीच्या कामी येईल, असं मी धरून चालले होते.

आम्ही बोरिवलीला राहतो, एका बेडरूमच्या घरात. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या, पण लग्नानंतर परळच्या चाळीत आल्या त्या मुंबईच्याच झाल्या. सासरे गिरणीत होते. चाळ गेली, सासरे गेले, पण सासूबाईंची मालवणी तशीच आहे आणि चाळीतले नियमही तसेच आहेत. त्यातला पहिला नियम मी दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्यांनी मला सांगितला.

"पाजताना कोणाच्या नजरेक पडूक नये. दुधाक दिष्ट लागता."

आणि लगेच स्वतःची गोष्ट सांगितली. माझा नवरा तान्हा असताना त्या चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पदर ओढून त्याला पाजत, कारण मागे त्यांचे सासरे बसलेले असत. एक दिवस धाकटी जाऊ आत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "किती गो पिता ह्यो!" महिन्याभरात दूध आटलं. पोर डब्याच्या दुधावर वाढलं. त्या दिवसापासून सासूबाई जावेशी बोलल्या नाहीत. जाऊ आता मुलुंडला असते. तिच्या मुलाच्या लग्नात सासूबाई गेल्या, शेवटच्या रांगेत बसल्या, जेवल्या आणि परत आल्या.

मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं.

त्यांनी माझ्यासाठी एक झाकण शिवलं. त्यांच्या जुन्या सुती साडीचं, दुहेरी, गळ्यात अडकवायला नाडी आणि कडेला काळा दोरा टाचलेला. खाली बाळ, वर माझी मान, मध्ये तंबू. घरात शेजारणी सारख्या येत-जात, दार कायम उघडं, म्हणून घरातही दिवसभर तेच. मी ते मुकाट घातलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. माझ्या छातीकडे लोक वर्षानुवर्षं बघत आलेत, आता तर उघडी करायची होती. झाकण मिळालं याचा मला आनंदच झाला.

लेक तीन महिन्यांची झाली आणि घाटकोपरला माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाबांना चहापलीकडे काही येत नाही आणि मी एकुलती एक. मग एक दिवसाआड मी लेकीला पोटाशी बांधून निघायची. मागाठाण्याला मेट्रो, गुंदवलीला उतरून पुलावरून दुसरी मेट्रो, घाटकोपर. लेक मात्र नेमकी मधेच कुठेतरी भुकेने पेटायची.

मग जागा शोधायची. कपड्यांच्या दुकानात एक कुर्ता उचलून ट्रायल रूममध्ये शिरायचं. बाहेरून पोरगी दार वाजवते, "मॅडम, झालं का?" एका मॉलमध्ये बाळांसाठी खोली आहे असं कळलं म्हणून दोन मजले चढून गेले, तर आत मॉप आणि बादल्या, आणि कडी तुटलेली. एकदा रिक्षावाल्याला सांगितलं, भैया, जरा साइड में लगाओ. तो बिचारा उतरून लांब जाऊन उभा राहिला आणि तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. देवळामागे, केमिस्टच्या आतल्या स्टुलावर, एका बंद बँकेच्या पायरीवर. कुठेच नीट बसता यायचं नाही. एक डोळा दारावर, एक घड्याळावर, पाय कायम उठायच्या तयारीत.

आणि झाकणाखाली मला काही दिसायचं नाही. चाचपडत तिच्या तोंडाशी द्यायचं, वरची छाती दोन बोटांनी दाबून धरायची म्हणजे नाकाला वारा राहील. तेवढ्यात झाकण घसरायचं, ते धरायला तोच हात काढायचा की ती गुदमरून तोंड सोडायची. पुन्हा चाचपडणं. आत ती घामाने भिजलेली, पाय झाडतेय, मी बाहेर घामाने भिजलेली, कोणी बघत नाही ना ते बघतेय. थोड्या वेळाने ती शांत व्हायची. मी म्हणायची, चला, पोट भरलं.

डॉक्टर बाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि मागच्या महिन्याचा आकडा पुन्हा बघितला. "वाढ अगदीच कमी आहे हो. पोटभर पिते का?"

"पिते. पिऊन झोपते."

"पंधरा दिवस बघू. असंच राहिलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल."

वरचं दूध काही विष नाही, माझ्या नवऱ्याचा त्याच दुधावर चांगला घोडा झालाय. पण मला ते द्यायचं नव्हतं. आयुष्यभर ज्या अंगाची लाज बाळगली त्याने एक काम करायचं होतं, तेही त्याला जमेना. शेजारीण म्हणाली, "अगंबाई, एवढं असून?" त्या 'एवढं'वर मला तिचं तोंड फोडावंसं वाटलं. रात्री मात्र पोर अंधारात माझ्या कुशीत आडवी पडून घटाघटा प्यायची. मी त्याचा अर्थ लावला की दूध रात्रीच येत असणार.

सासूबाईंनी त्यांचा अर्थ लावला. "कोणीतरी बघितला असतला मेट्रोत." मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या, खोकून खोकून आमचा जीव गेला. अळिवाची खीर सुरू झाली. आणि झाकणाला त्यांनी खालून आणखी एक पट्टी जोडली, तिसरा पदर, म्हणजे वाऱ्याने उडायचीही भीती नको. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, तो प्रकार. पण तेव्हा मला तो काही प्रकार वाटला नाही. मी जास्तच काळजीपूर्वक झाकून घ्यायला लागले. लेक आणखी लवकर झोपायला लागली.

आठवडाभराने सासूबाई माझ्याबरोबर घाटकोपरला आल्या. विहीणबाईंना बघायला जायला हवं, लोक काय म्हणतील. आईशी गप्पा झाल्या, चहा झाला, आणि परतताना गुंदवलीच्या फलाटावर लेकीने भोकाड पसरलं. मी बाकावर बसले, पिशवी उघडली. झाकण नाही. आईच्या पलंगावर राहिलं होतं.

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपला पदर सोडला आणि माझ्यापुढे धरला. पदर हलला की मी दिसायची, त्या धावून दुसरी बाजू धरायच्या की पहिली उघडी पडायची. फलाटावर एक कॉलेजची पोरगी कानात इयरफोन घालून आमचा हा खेळ बघत होती. लेक लाल झाली होती.

"घराक जावया गो. वाईच दम धर," सासूबाई म्हणाल्या.

"तिला कळतो का दम?"

"लोक बघतत."

"बघू देत!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले आणि तेही फलाटावर. "एवढी वर्षं काय बघत नव्हते? इथेच पाजणार मी. तुम्हाला लाज वाटत असेल तर पुढच्या गाडीने जा."

त्या गेल्या नाहीत. माझ्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी कुर्ता वर घेतला. छाती उचलून धरली, दुसऱ्या हाताने लेकीची मान. तिसऱ्या हाताला कामच उरलं नव्हतं.

आणि मला दिसलं. ती तोंड पुरेसं उघडतच नव्हती. वरवर, टोकाला धरत होती, दोनदा ओढायची आणि घसरायची. मी थांबले, तिच्या ओठांना लावून वाट बघितली. तिने मोठ्ठा आ केला तेव्हा तिला जवळ ओढलं. हनुवटी खाली-वर व्हायला लागली. गिळताना घशातून बारीक 'क्' असा आवाज. डोळे टक्क उघडे, माझ्यावर रोखलेले. झाकणाखाली ती दर वेळी अशीच माझा चेहरा शोधत असेल, हे मनात आलं आणि मला रडू फुटलं. भर फलाटावर, उघड्या छातीने मी ढसाढसा रडत होते आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

गाडी आली आणि गेली. उतरलेल्या लोकांपैकी एकाने बघितलं, मोबाइलमध्ये मान घातली आणि गेला. एका बाईने तिच्या नवऱ्याला कोपर मारून पुढे ढकललं. एवढंच झालं. आणखी एक गाडी गेली. लेक दुसऱ्या बाजूलाही प्यायली. मग आपणहून सुटली, हातपाय सैल, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब.

सासूबाई कधी वाकून बघायला लागल्या ते मला कळलं नव्हतं. पदर त्यांच्या हातात तसाच होता, पण खाली लोंबत होता.

"अशी पितत पोरां?" त्या म्हणाल्या.

मी लेकीच्या ओठावरचा थेंब पुसला आणि कुर्ता खाली ओढला.

झाकण आईने धुऊन, घडी घालून ठेवलं. मी ते आणलं नाही. घरात खोलीचं दार लावून घ्यायची, शेजारणी हॉलमध्ये थांबत. बाहेर ओढणी खांद्यावर टाकायची, तीही बाजूने, मला तोंड दिसेल अशी. लोक बघत. एकदा एका आजोबांनी "काय हे" म्हटलं. मी म्हटलं, "जेवतेय ती." घाबरायची मी अजूनही, जागा शोधायची, बाक दिसलं की आधी आजूबाजूचे चेहरे वाचायची. ते काही एका दिवसात गेलं नाही. पण पोर भुकेने झोपते आहे की भरल्या पोटी, ते मला आता दिसत होतं.

पंधरा दिवसांनी वजनाला सासूबाईही आल्या. काट्यावर लेकीला ठेवलं आणि मी नखं खात दुसरीकडे बघत राहिले.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाल्या. "काय बदललंत?"

मी झाकणाचं सांगितलं. आकार मोठा असला की तोंड नीट धरलंय का ते बघूनच पाजावं लागतं, त्या म्हणाल्या, विशेषतः सुरुवातीला. "दूध होतंच हो तुम्हाला. तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आणि बाळाने ओढलं नाही की हळूहळू मग खरंच कमी होतं."

सासूबाई भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत होत्या. "म्हणजे पोरान नीट ओढल्यान नाय तर आटता?" त्यांनी विचारलं.

"हो आजी."

"कोणी बघितल्याने नाय?"

डॉक्टर हसल्या. "बघितल्याने कसं आटेल?"

सासूबाई हसल्या नाहीत. रिक्षात लेक माझ्या मांडीवर झोपली होती. सासूबाईंनी तिच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला, पुन्हा ओढला. मग बाहेर बघत म्हणाल्या, "त्या खोलीत उकडायचा केवढा. ह्यो माझो पदरात पाय झाडी. माका वाटायचा, मस्ती करता."

सिग्नल लागला. सुटला. आमची गल्ली आली.

"मुलुंडाक मेट्रो जाता काय गो?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. बस जाते."