हाफिजा मॅडम आणि न पटलेलं प्रमेय

हाफिजा मॅडम आमच्या पाटोद्याच्या शाळेत आल्या त्या जीवशास्त्र शिकवायला. बेडकाचं हृदय फळ्यावर असं काढायच्या की ते आता धडधडेल म्हणून पोरं बघत बसायची. पण गणिताचे सर बदली होऊन गेले, जागा रिकामी राहिली आणि मुख्याध्यापकांनी दहावीची भूमिती मॅडमच्या गळ्यात घातली. "तात्पुरतं हाय, मॅडम," म्हणाले. त्या तात्पुरत्याला दहा-अकरा वर्षं झाली.

मी खालच्या वर्गांना गणित शिकवायचो, माझे तास त्यातच भरलेले. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज यायचा. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं तोंडपाठ. वर्तुळ लाल खडूनं, जीवा निळ्या खडूनं. निकालही चांगला लागायचा. फक्त एखाद्या पोरीनं "पण असं कावून व्हतं, मॅडम?" असं कारण विचारलं की त्या म्हणायच्या, "आधी लिहून घे, बेटा." पोरगी लिहून घ्यायची आणि विसरायची. मॅडम विसरायच्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना बीडला प्रशिक्षणाचा आदेश आला. भूमिती आणि वर्गातलं तंत्रज्ञान. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. मॅडमच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली आणि सगळ्यांना पुरेल इतकं कैरीचं लोणचं असे. सगळ्यांना म्हणजे ज्यांची अजून ओळखही झालेली नव्हती त्यांनासुद्धा.

शिकवायला होत्या स्वप्ना मॅडम, वयानं आमच्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी बोटानं चालणाऱ्या मोठ्या डिजिटल पॅनेलवर वर्तुळ काढलं, त्यात एक जीवा काढली, वरच्या कंसावर एक बिंदू ठेवला आणि तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडला. "हाफिजा मॅडम, या. एकाच कंसातले कोन सारखे असतात, हे प्रमेय ना? बिंदू कंसावरून सरकवा आणि कोनाकडं बघा."

मॅडमनी भीत भीत बोट टेकवलं. बिंदू सरकला. एक रेषा लांबली, दुसरी आखडली, पण कोनाशेजारी दिसणारा अंशांचा आकडा होता तोच राहिला. त्यांनी बिंदू मागं नेला, पुढं नेला. मग खोलीत दुसरं कुणी नसल्यासारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "या अल्ला, हे खरंच होतं की!"

आधी मागच्या बाकावर खुसखुस झाली, मग सगळी खोली हसली. माजलगावकडचे तानाजी सर म्हणाले, "आन् मॅडम, इतकी वर्सं पोरांना काय खोटं सांगायलता का?"

"खोटं नाही, सर. पुस्तकातलं सांगत होते. मला पटलं नव्हतं."

आणखी हसले सगळे. मीही हसलो, कारण उत्तर इतकं सरळ होतं. दुपारी मॅडमनी लोणचं सगळ्यांना वाढलं, तानाजी सरांना जरा जास्तच. स्वतःचा डबा मात्र उघडला नाही.

परतीच्या एसटीत मांजरसुंबा मागं पडलं. मग मॅडम म्हणाल्या, "सर, शाळा उघडली की माझ्यासोबत मुख्याध्यापकांकडं चला. दहावीची भूमिती मी सोडते."

"तुम्ही सोडल्यावर घेईल कोण?"

"कुणीपण. जिला स्वतःलाच पटत नाही तिच्यापेक्षा वाईट काय शिकवणार?"

"आता तर पटलं ना?"

"कुठं? आकडा मशीननं लिहिला, मी मानला. आधी पुस्तकाचं मानत होते, आता पॅनेलचं. मला माझ्या हातानं बघायचंय."

मी दिवाळीनंतर निवृत्त होणार होतो, दुसरं कुणी नव्हतं. मॅडमचा शब्द म्हणजे शब्द, हेही मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक पाठ घ्यायचा होता. मॅडमनी पॅनेल बंदच ठेवलं आणि आम्हाला पटांगणात नेलं. तिथं सुतळीच्या टोकाला खुंटी बांधून, चुन्याची फक्की टाकत त्यांनी भलंमोठं वर्तुळ आखलेलं होतं. वर्तुळावर दोन खुर्च्या, प्रत्येकीला एक लांब दोरी. मॅडमच्या हातात पुठ्ठ्याचा कापलेला एक कोन. ज्याची पाळी येईल त्यानं कंसावर उभं राहायचं आणि दोन्ही दोऱ्या ताणून पायाशी आणायच्या. मग मॅडम वाकून दोऱ्यांच्या मधे पुठ्ठा बसवून बघायच्या. पहिल्याला बसला. दुसऱ्याला बसला. स्वप्ना मॅडमला बसला. आता लोक स्वतःच वाकून बघायला लागले.

तानाजी सरांकडं मात्र पुठ्ठा दोऱ्यांच्या बाहेर आला.

"फसलं की ओ मॅडम तुमचं प्रमेय!"

मॅडम त्यांच्या पायांकडं बघत होत्या. "सर, तुमी फक्कीच्या बाहेर हायत."

"आं? ऊन लई लागायलंय, म्हणून लिंबाच्या सावलीला सरकलो जरा."

"मग सावलीला प्रमेय न्हाई लागू. इकडं या."

मंडळी हसून लोटपोट झाली. सर फक्कीवर आले, पुठ्ठा बरोब्बर बसला. पण माणूस गणिताचाच. ते मुद्दाम वर्तुळाच्या आत दोन पावलं गेले, दोऱ्या ताणल्या. पुठ्ठा मधे सैल पडला.

"कोन बाहेर बारीक झाला, आत मोठा झाला. कावून, मॅडम?" या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

मी मॅडमकडं बघितलं. हाच तो प्रश्न, वर्गातल्या पोरींचा. इथं लिहून घे म्हणायची सोय नव्हती.

"माहीत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "बघू या."

त्या साडी सावरून तिथंच मातीत बसल्या. डाव्या खुर्चीची दोरी सरांच्या पायापाशी येत होती; ती त्यांनी तशीच सरळ पुढं फक्कीपर्यंत ओढली. तिथून उजव्या खुर्चीपर्यंत बोटानं मातीत रेघ मारली. फक्कीवरच्या नव्या कोपऱ्यात पुठ्ठा ठेवला, बसला. आता सरांचा पाय, फक्कीवरचा कोपरा आणि उजवी खुर्ची, असा एक त्रिकोण समोर होता. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मातीतली रेघ पुसू नये म्हणून तानाजी सर एका पायावर तोल सांभाळत उभे होते.

"बाह्यकोन!" मॅडम ओरडल्या. "तुमच्या पायाजवळचा कोन या त्रिकोणाचा बाह्यकोन हाय. फक्कीवरच्या कोनात उजवीकडचा कोन मिळवला की हा होतो. मग मोठा होणारच! न होऊन जातो कुठं?"

"हे आमाला कुणी असं दाखवलंच न्हाई," तानाजी सर म्हणाले आणि पाय टेकवून स्वतः मातीत उकिडवे बसले. "पुन्यांदा सांगा."

मॅडमनी पुन्हा सांगितलं. मग बाहेरचा कोन बारीक का, ते दोघांनी मिळून काढलं. जेवणाची वेळ टळून गेली, स्वप्ना मॅडमनी कुणालाच उठवलं नाही.

संध्याकाळी एसटीत मॅडमच्या नखांत अजून चुना होता. मी विचारलं, "मग मुख्याध्यापकांकडं कधी जायचं?"

"शाळा उघडल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापकांनी सांगितल्याबिगर खेळाचे सर मला फक्की देणार न्हाईत. तुमी सोबत असलात तर सांगतील ते. दोन पोती तरी लागतील, सर. दहावीच्या दोन्ही तुकड्या वर्तुळावर उभ्या करायच्यात."