टाळ्या पडल्या आणि ती थांबली

गेल्या रविवारी निपाणीजवळच्या एका गावात वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता 'शेती आणि आजचा तरुण'. खरं सांगते, बेळगावातून, अनगोळच्या घरातून निघताना डोक्यात एकच विचार होता... जेवणाच्या वेळेपर्यंत सुटका होईल ना?

तिथल्या कॅम्प भागातल्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवतेय, त्यामुळे असल्या स्पर्धा मला तोंडपाठ आहेत. शेतकरी जगाचा पोशिंदा, मग दोन ओळींची कविता, मग मूठ आवळून 'उठा तरुणांनो'... पहिल्या सात मुलांनी माझी अजिबात निराशा केली नाही. शेजारी दुसरे परीक्षक होते, शेतकी खात्यातून रिटायर झालेले आप्पा. ते मान खाली घालून गुण मांडत होते आणि मी चहाची वाट बघत होते.

मुलांसाठी मात्र हे साधंसुधं काम नव्हतं. इथला पहिला नंबर कोल्हापूरच्या अंतिम फेरीला जाणार होता, आणि तिथं जिंकणाऱ्याच्या शेतकी कॉलेजचा सगळा खर्च एक देणगीदार उचलणार होते.

आठवी आली दीपाली. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला असलेली, बारीक चणीची. घरी तंबाखूचं शेत आहे, हिला बीएस्सी ॲग्री करायचंय, असं निवेदकानं सांगितलं. हिची आईसुद्धा आज ऐकायला आलीय म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईनं लाजून पदर सारखा केला.

आणि काय बोलली हो ही पोरगी... आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी चहा विसरले. पाठांतराच्या रकान्यात दहापैकी नऊ टाकून मोकळी झाले.

मग ते वाक्य आलं. "तंबाखू हे कष्ट टाळणाऱ्या शेतकऱ्याचं पीक आहे. सोप्या पैशाची ही वाट आपण सोडलीच पाहिजे." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. मागच्या रांगेत तिची आईसुद्धा वाजवत होती... लेकीचं कौतुक होतंय म्हणून चेहरा नुसता फुलला होता तिचा.

दीपाली आईकडेच बघत होती. पुढचं वाक्य येईना. मला वाटलं, विसरली बिचारी. पहिल्या रांगेतून कुणीतरी हळूच पुढचा शब्द सुचवला, तर तिनं नको म्हणून मान हलवली. मग आतापर्यंतची पुस्तकी भाषा बाजूला ठेवून ती घरात बोलतात तसं बोलायला लागली.

"हे वाक्य माझं न्हाय. लिहून दिलंतं, मी पाठ केलंतं. खरं बी न्हाय ते."

आणि तिनं खुडणी सांगितली. पान भरावं म्हणून तंबाखूचा शेंडा खुडायचा. मग बगलेतून फुटवे येतात, तेही खुडायचे, पुन्हा आले की पुन्हा... एकेका झाडाशी वाकून. पानांचा चीक हाताला बसतो, काळा पडतो, राखेनं घासला तरी निघत नाही. त्या दिवसांत आईनं पीठ मळलं की भाकरी कडू लागते. म्हणून दहा वर्षांची असल्यापासून खुडणीच्या दिवसांत घरातल्या भाकऱ्या दीपालीच करते.

हे भाषणही तिनं चुलीपुढंच पाठ केलं होतं. आई रोज शेजारी बसून ऐकायची. ते वाक्यही रोज ऐकलं, आणि एकदाही काही बोलली नाही.

"तंबाखू वाईटच हाय," ती म्हणाली. "माझा मामा त्यानंच गेला. मला ते पीक बदलायचंय, म्हणून तर शिकायचंय. पर माझी आई सोप्पा पैसा खात न्हाय."

वेळ संपल्याची घंटा केव्हाच वाजून गेली होती. ती नमस्कार करून खाली उतरली आणि आईशेजारी जाऊन बसली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, समोर कॉलेजचा दरवाजा उघडत होता आणि तिनं आपल्याच हातानं तो लोटून दिला... एवढी हिंमत माझ्यात या वयातही नाही.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "सगळी सर्विस मी गावोगाव तंबाखू सोडा म्हणून सांगत फिरलो," ते म्हणाले. "ह्यांच्यात भाकऱ्या कोण करतंय, कधी इचारलं न्हाय बघा."

पण नियम तो नियम. पाठांतर मोडलं, वेळ ओलांडली. माझे नऊ मलाच खोडावे लागले. आशयाला आम्ही दोघांनी पैकीच्या पैकी दिले, तरी ती अर्ध्या गुणानं दुसरी आली. पहिला आलेला मुलगाही चांगलाच बोलला होता, त्याला कशाला नावं ठेवू? निकालावर सही करताना मात्र फार वाईट वाटलं.

निघताना गेटपाशी मायलेकी दिसल्या. दोन समजुतीचे शब्द बोलावेत म्हणून मी जवळ गेले, तोवर आई खालच्या आवाजात लेकीला विचारत होती... "माझ्यापायी नंबर गेला न्हवं गं?"

"व्हय, गेला," दीपाली म्हणाली. "पुढच्या वर्षी परत उभी ऱ्हातो की. पर असल्या वाक्याला तू टाळी वाजवायची न्हाय."

आई तोंडाला पदर लावून हसली. मी तिथूनच गाडीकडे वळले.

टाळी तर मीही वाजवली होती... पोरीनं आईला जे बजावलं, ते मी माझ्यासाठीही ठेवून घेतलंय.