दुसऱ्या गटातली आजी

दर्शना केणीला कोणी विचारलं, "तू नक्की काय काम करतेस?" तर तिची पंचाईत व्हायची. विद्यापीठातल्या संशोधनांसाठी ती हिंडायची, एवढं खरं. पण संशोधन कसलं, हे दर वर्षी बदलायचं. एका वर्षी ती खोपटच्या एस.टी. डेपोबाहेर आवाज मोजायचं यंत्र धरून उभी असायची, तर पुढच्या वर्षी गुडघाभर चिखलात उतरून खाडीचा गाळ बाटल्यांत भरायची. मधे एकदा डोंबिवलीच्या शाळांत मुलांना नळीत फुंकर मारायला लावून त्यांची फुप्फुसं तपासली जायची, त्या कामावरही ती होती. एक प्रकल्प संपला की घरी बसायचं आणि दुसऱ्याचा फोन आला की बॅग उचलायची. बी.एस्सी. झाल्यापासून तिचं हे असंच चाललेलं.

डोंबिवलीच्या कडेला, आता शहरातच जमा झालेल्या गावात तिचं घर. वडील गणू केणी जन्मभर मिठागरावर राबलेले. मिठागरं गेली, जमिनीचे वाटे झाले, घरावर मजला चढला, आणि शिकलेली लेक कुठल्याशा मोठ्या कामावर जाते याचं वडिलांना भारी कौतुक. आई लक्ष्मीला मात्र त्या कामाचा अर्थ कधी लागला नाही. "लोकांचे घरा जातंस, इचारतंस ना येतंस," ती म्हणायची. "त्यांना काय मिलतं गो?"

"ज्ञान मिळतं, आई. सगळ्यांनाच," दर्शना हसून सांगायची.

तिच्यात एक खोड होती. ती गप्पिष्ट होती. कल्याणला बायकांच्या झोपेचा अभ्यास चालू होता, तेव्हा ही एकेका घरात तास-दीड तास रमायची. बायका सासूचं गाऱ्हाणं सांगायच्या, ही स्वतःच्या मावशीचं सांगायची, आणि मग "झोप लागत नसेलच तुम्हाला, नाही का?" असं तीच बोलून जायची. सहा महिन्यांनी आकडे तपासले गेले. तिच्या भागातल्या बायकांची उत्तरं इतरांपेक्षा वेगळीच निघाली. तिची सगळी घरं अभ्यासातून वगळली. कोणी ओरडलं नाही, पण बैठकीत सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं गेलं. दर्शनाला ते इतकं लागलं, की त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, उठायचं. हळूहळू तिचं नाव झालं. "दर्शनाचं काम म्हणजे एकदम चोख," असं लोक म्हणू लागले, आणि ते ऐकायला तिला फार आवडायचं.

म्हणूनच डॉ. रसिका मॅडमनी तिला आपल्या अभ्यासात घेतलं. ठाण्यातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा तो अभ्यास होता. एकटेपणाने माणसाची स्मरणशक्ती लवकर जाते का, आणि कोणी नेमाने येऊन बोललं तर ती टिकते का, हे बघायचं होतं. कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. पहिल्या गटातल्या माणसांकडे दर आठवड्याला कॉलेजची मुलं गप्पा मारायला जायची. दुसऱ्या गटाकडे कोणीच नाही. दोन्ही गटांना तीन-तीन महिन्यांनी तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे फरक कळेल. ते विचारण्याचं काम दर्शनाचं. कोण कुठल्या गटात, हे तिला सांगितलेलं नव्हतं. पण सांगायची गरज नसायची. पहिल्या गटातली माणसं दार उघडून तिच्या मागे बघायची, आज आमची पोरं नाही आली का म्हणून. दुसऱ्या गटातली नुसती तिच्याकडेच बघायची.

रखमाबाई दुसऱ्या गटातल्या. वर्तकनगरच्या जुन्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा दौलत एस.टी.च्या वर्कशॉपला होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सुधीर नोकरीला बडोद्याला.

"ये की गं, ये. बस," पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं. "चा टाकते."

"नको आजी. मला आधी थोडे प्रश्न विचारायचेत."

प्रश्न सोपे होते. आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करा, मघाशी सांगितलेले पाच शब्द आठवतात का. रखमाबाई वजाबाकीत पटाईत निघाल्या. शेवटी प्रश्न असायचा, "गेल्या आठवड्यात तुमच्याशी मनमोकळं बोलायला कोणी आलं होतं का?"

"आता तू आलीस की," रखमाबाई म्हणाल्या.

"मला धरायचं नसतं, आजी."

"का गं? तू माणूस न्हाईस व्हय?" आणि त्या खळखळून हसल्या. दर्शनाही हसली, पण टॅबवर तिने 'नाही' वर बोट ठेवलं आणि ती उठली.

पुढच्या खेपेला दर्शनाला सडकून सर्दी झालेली. प्रश्न संपेपर्यंत रखमाबाईंनी तिच्या शिंका मोजल्या असाव्यात. त्या उठल्या आणि आतून वाटी घेऊन आल्या. हुलग्याचं गरम माडगं, वर लसणीची फोडणी. "आमच्याकडं सर्दीला हेच. दोन घोटात मोकळी हुशील." वास इतका छान होता, की दर्शनाच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आपण इथे बसलो, खाल्लं, चार गोष्टी बोललो, तर पुढच्या वेळची उत्तरं बदलतील, आणि पुन्हा कोणीतरी बैठकीत आपलं नाव घेईल, असं तिच्या मनात आलं. ती म्हणाली, "आमच्याकडे चालत नाही, आजी. नियम आहे." रखमाबाईंनी वाटीवर ताटली झाकली. "नियम असंल तर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच दर्शनाला जिना उतरताना जड गेलं.

तिसऱ्या खेपेला त्यांची नजर जरा बावरलेली होती. वजाबाकी मधेच अडली. पाचातले दोन शब्द आठवले. दर्शनाने ते टिपून घेतलं. ती निघताना रखमाबाईंनी मोबाईल पुढे केला. "एवढं बघतीस का गं? सुधीरचा फोनच येत न्हाई. मी लावते तर लागत न्हाई. काय बटण दाबलं गेलं का काय."

दर्शनाने फोन हातातही घेतला नाही. तिला त्याच कॉलनीत अजून तीन घरं करायची होती. आणि मदत करणं म्हणजेही एक प्रकारे आपण त्यांच्याकडे गप्पांना जाण्यासारखंच झालं, दुसऱ्या गटाला ते द्यायचं नाही, असं तिने स्वतःला समजावलं. "शेजारी दाखवा ना आजी. मला पुढे जायचंय."

"शेजारचं दार दिवाळीपासनं बंद हाय," रखमाबाई म्हणाल्या. तोपर्यंत दर्शना चपला घालत होती.

अभ्यास दीड वर्ष चालला. त्यानंतरच्या फेऱ्यांत ती कॉलनी दुसऱ्या मुलीकडे गेली आणि दर्शनाला कळव्याची घरं मिळाली. काम संपल्यावर रसिका मॅडमनी विद्यापीठात सगळ्यांना बोलावून निकाल दाखवले. पडद्यावर दोन रेषा होत्या. पहिल्या गटाची रेषा जवळजवळ सपाट चाललेली. दुसऱ्या गटाची उताराला लागलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निकाल खरंच चांगला होता. कोणीतरी येऊन नुसतं बोललं तरी म्हाताऱ्या माणसाला आधार होतो, हे आता आकड्यांत दिसत होतं. मॅडमनी आभारांत दर्शनाचं नाव आवर्जून घेतलं. तिने मान लववली. पण ती त्या उतरत्या रेषेकडेच बघत राहिली. त्या रेषेत कुठेतरी ताटली झाकलेली वाटी होती, आणि ते तिथल्या कोणाला माहीत नव्हतं.

आता अभ्यास संपला होता. आता जायला कोणाची आडकाठी नव्हती. जायचं, पोटभर गप्पा मारायच्या, असं तिने ठरवलंही. पण खाडीच्या गाळाचं काम पुन्हा निघालं, मग वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग गणपती आले. जाऊ जाऊ म्हणता वर्ष उलटलं.

ती गेली तेव्हा वर्तकनगरची ती इमारत पत्र्यांनी घेरलेली होती. पुनर्विकासाला दिलेली, माणसं कधीच पांगलेली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला रखमाबाई आठवत होत्या. पुतण्या घेऊन गेला, विठ्ठलवाडीला, असं तो म्हणाला, आणि त्याने पुतण्याचा नंबरही शोधून दिला. पुतण्याचं नाव मारुती. रविवारी या, असं तो फोनवर म्हणाला.

विठ्ठलवाडीत स्टेशनपासून थोड्या अंतरावर मारुतीची दोन खोल्यांची जागा होती. दार त्याच्या बायकोने, प्राचीने उघडलं. रखमाबाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या. वाळलेल्या, पण स्वच्छ, केसांना तेल लावलेलं. दर्शनाला बघून त्या हसल्या.

"शालन आली व्हय? ये. बस."

"शालन म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी," प्राची हळूच म्हणाली. "कोणी बाई आली की त्यांना शालनच वाटते. मनावर घेऊ नका."

दर्शना बसली. प्राचीने चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच सांगत राहिली. "तिकडे एकट्या असताना त्यांचा फोन बिघडलेला. म्हणजे बिघडलेला पण नाही, ते विमानाचं चिन्ह असतं ना, ते चालू राहिलेलं. फोन यायचाही नाही, जायचाही नाही. सुधीरभाऊजींना वाटलं, आई रुसली. आधी थोडं वाजलेलं दोघांत. त्यांनी महिनाभर वाट बघून मग ह्यांना पाठवलं बघायला. हे गेले तर ह्या धड जेवतपण नव्हत्या. त्यांना वाटत होतं, पोराने टाकलं आपल्याला. तेव्हापासून जे उतरत गेलं ना..."

दर्शनाने हातातला कप खाली ठेवला.

"शालन," रखमाबाई बोलायला लागल्या, "मला तिकडं करमत होतं, बरं का. एक पोरगी यायची. गोड पोरगी. पण कदी टेकली न्हाई घटकाभर. सारखी घाई. मला वाटायचं, हिचं सासर लई कडक आसंल. येळ झाला की बोलत आसतील. म्हनून मी बी आग्रव न्हाई केला. उगंच माझ्यापायी बिचारीला बोलनी नकोत."

दर्शनाला सांगायचं होतं, आजी, ती मीच. माझं लग्नही झालेलं नाही, मला कोणी बोललं नसतं. तिने तोंड उघडलंही. पण समोरची म्हातारी शालनशी बोलत होती. त्या पोरीबद्दल तिच्या मनात दया होती. ती काढून घेऊन त्या जागी काय ठेवायचं, ते दर्शनाला कळेना. "बरी होती का ती पोरगी?" एवढंच तिने विचारलं.

"लई गुणाची," रखमाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती थेट विद्यापीठात गेली. रसिका मॅडमना तिने सगळं सांगितलं, फोनचं सुद्धा.

"अगं, गप्पा मारू नका एवढाच नियम होता. फोन लावून द्यायला कोण नको म्हणालं असतं? मला विचारायचंस तरी."

"विचारलं नाही, मॅडम. मला चोख राहायचं होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "माझंही चुकलंच. अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटाकडेही मुलं पाठवायची, असं मनात होतं. तेवढी मुलं मिळेनात, आणि मी ते सोडून दिलं. तुझी चूक एका घरात झाली. माझी सगळ्या घरांत."

दर्शनाला त्याने हलकं वाटलं नाही. एकाच्या चुकीने दुसऱ्याची झाकली जात नाही, हे तिला कळत होतं.

मॅडमच्या पुढच्या अभ्यासात, कल्याणला, एक कलम आधीच घातलं गेलं. वर्षभराने दुसऱ्या गटाकडेही माणसं जातील, आणि घरात काही अडचण दिसली तर विचारणाऱ्याने ती लगेच कळवायची. दर्शनाला त्यात घेतलं, पण तिने प्रश्न विचारायचं काम नाकारलं. गप्पांना जाणाऱ्या मुलांना तयार करायचं काम तिने मागून घेतलं.

रविवारी मात्र ती विठ्ठलवाडीला जायची. रखमाबाईंच्या केसांना तेल लावायची, त्यांचं गाव ऐकायची. कधी शालन म्हणून, कधी कोणीच नाही म्हणून. एकदा तिने घरी हुलगे आणून, प्राचीला विचारून विचारून माडगं केलं आणि डब्यातून नेलं. रखमाबाईंनी एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली. "कच्चं राह्यलंय," त्या म्हणाल्या. खरंच कच्चं होतं.

गेल्या दसऱ्यानंतर सुधीर येऊन आईला बडोद्याला घेऊन गेला. दर्शनाला हे प्राचीकडून दोन दिवसांनी कळलं. तिने सुधीरचा नंबर घेतला आणि फोन केला. तो सभ्यपणे बोलला. आई बरी आहे, म्हणाला. बोलायचंय का, म्हणून त्याने फोन आईच्या कानाला लावलाही. पलीकडून श्वास ऐकू येत होता, पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"आजी, मी दर्शना," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने त्यांना आपलं नाव सांगितलं होतं.

थोड्या वेळाने सुधीर फोनवर आला आणि म्हणाला, "हसतेय ती. पण कोणाचा फोन आहे, ते काही तिला कळलेलं दिसत नाही."

"असू दे," दर्शना म्हणाली, आणि पुढच्या रविवारी केव्हा फोन केलेला चालेल, ते तिने विचारून घेतलं.