पुढची तारीख

काळा कोट कपाटातून काढला की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि धुळ्याच्या कोर्टातली ती सकाळ आठवते. नाव सांगताना चाचरावं अशा लॉ कॉलेजात पाच वर्षं रात्रंदिवस घोकून मी वकील झालो, आणि काम मिळालं ते सीनियरच्या वतीने तारखा मागायचं. त्या दिवशी वडील धुतलेली टोपी घालून गावाहून आले आणि मागच्या बाकावर बसले. मी उठून एवढंच म्हणालो, "सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." सगळे गप्प असताना मी एकटाच बोललो, याचं वडिलांना अप्रूप; बाहेर आल्यावर म्हणाले, "बठ्ठा चूप व्हतात, तू एकलाच बोलना. पुढली तारीखले बी मी येसू." त्या तारखेआधीच ते गेले. आजही मी तारीखच मागतो; फक्त मागच्या बाकावर कुणी खाकरलं की माझा आवाज उगाच मोठा होतो.